समितीपुढची साक्ष

पंचायत राज समिती येणार म्हटले की धाराशिवच काय, कुठल्याही जिल्हा परिषदेत धूळ खात पडलेल्या फायली बाहेर निघतात. विधिमंडळाची ही समिती लेखापरीक्षणातले आक्षेप पुढ्यात ठेवून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते. रक्कम वसूल का झाली नाही? काम अपुरे असताना देयक निघाले कसे? ‘माहिती घेऊन सांगतो’ हे उत्तर तिथे फार वेळ चालत नाही.

संसदेतल्या विभागवार स्थायी समित्यांचा तर या मुलखाशी जुना धागा आहे. १९९३ मध्ये अशा १७ समित्या सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते चाकूरचे शिवराज पाटील. सत्तरच्या दशकात ते लातूरचे आमदार होते आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच होते; वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. आज या समित्या २४ आहेत.

नेमणुकांचे मात्र निराळे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशाला सिनेटच्या समितीपुढे प्रश्नांना तोंड द्यावे लागते, तेही जाहीरपणे. आपल्याकडे राज्यपाल किंवा न्यायाधीश नेमताना कोणतीही संसदीय समिती उमेदवाराला एक प्रश्नही विचारत नाही. ही उणीवच म्हणायची.