प्लास्टर निघालं, पण चाल कुठे गेली?

आजचा भाग माझ्या उजव्या घोट्यावर.

गेल्या पावसाळ्यात सिंहगड उतरताना घसरलो आणि घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते कापलं तेव्हा वाटलं, सुटलो! पण दवाखान्याचा जिना आईचा खांदा धरूनच उतरलो. एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं, मग मी लंगडतोय का?

कारण हाड जुळणं वेगळं, चाल परत येणं वेगळं. प्लास्टरमध्ये घोटा आखडतो, पोटरी बारीक होते, तोल सांभाळायची सवय जाते. नीट चालताना आधी टाच टेकते, मग नडगी पावलावरून पुढे झुकते, शेवटी बोटं जमीन मागे ढकलतात. त्या मधल्या टप्प्यात घोटा साधारण 10 अंश वाकावा लागतो. वाकला नाही, तर शरीर जुगाड करतं: पाऊल बाहेर वळवतं, टाच लवकर उचलतं. आणि तात्पुरता टाकलेला पॅच कायमचा कसा होतो, हे आम्हा कोडवाल्यांना चांगलं ठाऊक आहे!

माझंही तेच झालं. ऑफिसात लाज वाटली म्हणून काठी आठवड्यातच सोडली आणि लंगडणं वाढलं. फिजिओ ताई म्हणाल्या, "काठी न घेता लंगडण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाला." तीही चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

मग रोजचे तीन व्यायाम. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. बोटं भिंतीपासून किती लांब नेता येतात ते मोजायचं. माझा चांगला पाय 10 सेंटिमीटर, मोडलेला फक्त 2. दुसरा, ओटा धरून टाचा उचलणं. आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. तिसरा, एका पायावर उभं राहून दात घासणं.

पायावर वजन कधी टाकायचं, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील. संध्याकाळी घोटा सुजणं महिनोन्‌महिने चालू शकतं. पण पोटरी अचानक सुजली, दुखली, गरम लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

पाचव्या महिन्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज तुझ्या पावलांचा आवाज सारखा येतोय रे." मला तेवढंच ऐकायचं होतं.

भेटू पुढच्या भागात!