दार बंद, दवाखाना चालू

मार्च 2020 मध्ये, कोविडची साथ आली तेव्हा, इंग्लंडमधल्या मेडनहेडमध्ये राहणाऱ्या अनेकांची समजूत झाली की जीपीचा, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरचा, दवाखाना बंद पडला. तसं नव्हतं. इंग्लंडभर जीपींनी आधी फोनवर किंवा ऑनलाइन विचारपूस करून, गरज असेल त्यालाच समोर बोलवायचं, अशी पद्धत लावली. पण ते न कळल्यामुळे किंवा भीतीपोटी लोक दुखणी अंगावर काढत राहिले. एप्रिल 2020 मध्ये इंग्लंडमधल्या इमर्जन्सी विभागांतली गर्दीही आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली आली.

इथल्या आपल्या भारतीय घरांत अडचण वेगळीच. 23 मार्चपासून भारतात येणारी प्रवासी विमानं थांबली. मुलाकडे राहायला आलेले आईबाबा अडकले, आणि पुण्याहून आणलेल्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या! अशा वेळी जवळच्या जीपीकडे तात्पुरती नोंदणी करता येते. पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा दाखवण्याची सक्ती नसते. पाहुण्यांनाही जीपीची तपासणी मोफत असते; कोविडची चाचणी आणि उपचारही सर्वांना मोफत होते. माझ्या मते ही माहिती विमानतळावरच हाती द्यायला हवी होती.

मेडनहेडमध्ये इमर्जन्सी विभाग नाही. त्यासाठी स्लाउच्या वेक्सहॅम पार्क रुग्णालयात जावं लागतं. म्हणून किरकोळ तक्रारीसाठी आधी फार्मसिस्टला विचारा, काय करावं सुचेना तर 111 लावा, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर थेट 999. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि जीपीकडे नोंदणी राहिली असेल, तर ती याच आठवड्यात करून टाका.