प्रिंटर कोणतं ‘लेटर’ मागतो?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कारंज्यात आमच्या घरी एक जुना लेझर प्रिंटर आहे. गल्लीत कोणाला अर्ज किंवा दाखला छापून हवा असला, की पावलं आमच्याकडे वळतात. गेल्या जून महिन्यात एका रविवारी दुपारी शेजारची मुलगी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला तिची शिष्यवृत्तीची मुलाखत होती आणि संध्याकाळच्या एसटीने निघायचं होतं. अर्जासोबतचं निवेदन तिच्या अमेरिकेतल्या मामेभावानं नीट करून पाठवलं होतं. तीनच पानं. मी छपाईचा हुकूम दिला. प्रिंटर घरघरला, थांबला, आणि त्याच्या बोटभर पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली : ‘पीसी लोड लेटर’.

मुलीचे वडील म्हणाले, “भाऊ, लोड आला असन. व्होल्टेज पाहा बरं.” वऱ्हाडात ज्यांनी लोडशेडिंगचे दिवस काढले, त्यांना लोड म्हटलं की वीजच आठवणार. मुलगी म्हणाली, “काका, पीसी म्हंजे कॉम्प्युटर ना? मंग तो लेटर कायले मागून राह्यला?”

मलाही उलगडा होईना. प्रिंटर बंद करून चालू केला. तोच संदेश. ट्रेमध्ये कागद होताच, तरी आणखी घातला. तोच संदेश. शाईची डबी, म्हणजे टोनर, काढून हलवून बसवली. काही फरक नाही. रविवार असल्यानं जवळची झेरॉक्सची दुकानं बंद. तास गेला. मुलीचा चेहरा उतरला.

मग एक गोष्ट ध्यानात आली. त्याच सकाळी मी याच प्रिंटरवर एक पत्र छापलं होतं आणि ते बिनबोभाट निघालं होतं. प्रिंटर तोच, कागद तोच, वीज तीच. बदलली होती ती फक्त फाइल. फाइल उघडून पानाची मांडणी पाहिली. तिथे पानाचं माप होतं ‘लेटर’. तिढा सुटला.

या संदेशातला ‘पीसी’ म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. तो ‘पेपर कॅसेट’चा, म्हणजे कागदाच्या ट्रेचा संक्षेप. ‘लोड’ म्हणजे भरा. आणि ‘लेटर’ हे कागदाच्या एका मापाचं नाव. थोडक्यात, “ट्रेमध्ये लेटर मापाचा कागद भरा.” पडद्यावर जागा थोडी, म्हणून वाक्य इतकं तोडलेलं. आपण एकटेच यात फसलो असंही नाही. १९९९ सालच्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकन चित्रपटातला नोकरदारही नेमका याच संदेशावर वैतागतो.

तहसील कचेरीबाहेर ‘लीगल’ कागद म्हटलं की आपल्याला कळतं. ‘लेटर’ मात्र आपल्या बाजारात फारसा दिसत नाही. तो अमेरिका आणि कॅनडातला रोजचा कागद : साडेआठ इंच रुंद, अकरा इंच लांब. म्हणजे २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए-फोर २१० गुणिले २९७. लेटर सहा मिलिमीटर रुंद, पण अठरा मिलिमीटर आखूड. नुसत्या डोळ्यांना फरक पटकन दिसत नाही. प्रिंटरला मात्र फाइल सांगते लेटर आणि ट्रे सांगतो ए-फोर. मजकूर कडेला कापला जाऊ नये म्हणून तो थांबतो आणि विचारतो.

ए-फोरचं मापही गमतीचं आहे. तो मधोमध दुमडला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. हा गुण जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात नोंदवला होता. १९२२ साली जर्मनीत वाल्टर पोर्स्टमान यांच्या कामातून त्याचं प्रमाणित माप झालं आणि १९७५ साली ते आंतरराष्ट्रीय ठरलं. ए-झिरो कागदाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, ए-फोर त्याचा सोळावा भाग. म्हणून दर चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं एक ए-फोर पान बरोबर पाच ग्रॅमचं. पाचशे पानांचं रीम अडीच किलोचं.

आता उपाय. पहिला, प्रिंटरवर पुढे चालू ठेवण्याचं बटण असतं. ते दाबलं की बहुतेक प्रिंटर आहे त्या कागदावर छापून मोकळे होतात. फक्त कडा कापल्या नाहीत ना, ते पाहावं. दुसरा आणि पक्का उपाय म्हणजे कॉम्प्युटरवर अडकलेलं काम रद्द करावं, फाइलमध्ये पानाचं माप ए-फोर करावं आणि पुन्हा छापावं. रद्द करणं महत्त्वाचं. प्रिंटर बंद केला तरी काम कॉम्प्युटरच्या रांगेत तसंच राहतं आणि चालू करताच पुन्हा तेच मागणं येतं. माझ्या दुपारी हेच घडत होतं. तिसरं, दर वेळी हा त्रास होत असेल, तर कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या सेटिंगमध्येच लेटर धरलेलं असतं. तिथे एकदा ए-फोर निवडावं. ट्रेचं मापही तपासावं.

एक सावधगिरीही सांगतो. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची पूड उष्णतेनं कागदावर वितळवून चिकटवतात. तो भाग चांगलाच तापलेला असतो. शिवाय आतलं ड्रम उजेडात फार वेळ राहिलं तर खराब होतं. म्हणून संदेशाचा अर्थ कळण्याआधी झाकण उघडून हात घालू नये. मी टोनर उगाच काढला, ती चूकच होती.

माप बदलल्यावर तिन्ही पानं अर्ध्या मिनिटात बाहेर आली. माप बदलल्यानं दुसऱ्या पानाची शेवटची ओळ वर सरकली होती, म्हणून मुलीनं सगळं एकदा वाचून घेतलं. वडिलांनी स्कूटर काढली आणि तिला एसटी मिळाली.

त्या दिवशी मी प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवली. अजून आहे : ‘लेटर मागितलं, तर पानाचं माप पाहा.’ आता गल्लीतली पोरं मला न विचारता छापून नेतात.