गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी तापमानाचा काटा पाहा

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात दिवाळीच्या सुमारास उसाचा हंगाम सुरू झाला, की रस्त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागते. गोदाकाठच्या काळ्या रानातून भरलेला ट्रक डांबरी रस्त्यावर आणणे हे चालकाचे कसब पाहणारे काम. पहिला गिअर, अर्धा दाबलेला क्लच, रुतलेली मागची चाके आणि जळक्या क्लचप्लेटचा वास यांचे येथील चालकांना आणि मेस्त्रींना नवल नाही. प्लेट जळाली तर ती बदलायची. रोग ठाऊक आहे आणि उपचारही.

हाताने गिअर बदलण्याचे ट्रक या भागात आजही बहुसंख्य आहेत. मात्र दुसऱ्या प्रकारची वाहने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. कोळसा खाणींतील डंपर आणि मोठ्या शहरांतील लो-फ्लोअर बस यांत स्वयंचलित गिअरबॉक्स बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि नव्या अवजड ट्रक-टिप्परमध्येही ‘दोन पेडल’ची सोय मिळू लागली आहे. असे वाहन जुन्या बाजारातून तालुक्याच्या गावात आले आणि गिअर ‘घसरू’ लागला, की पहिला सल्ला मिळतो तो गिअरबॉक्स खोलण्याचा. हाच सल्ला अनेकदा सर्वांत महागात पडतो. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ उष्णतेत असते आणि लक्षणही उष्णतेतच दिसते. त्यामुळे पाना हाती घेण्याआधी तापमान आणि तेल पाहणे, हाच निदानाचा योग्य क्रम होय.

ही उष्णता येते कोठून? खऱ्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते; तेथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी काढलेली ही युक्ती. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरला, की वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, इतकेच. इंजिनाकडील पाते तेल भिरकावते, ते तेल गिअरकडील पात्यावर आदळते आणि गाडी हलते. मात्र दोन्ही पाती एकाच वेगाने फिरत नाहीत. त्यांच्यातील फरकाइतकी शक्ती तेलातच विरते आणि तिची उष्णता होते. इंजिन २०० किलोवॅट, म्हणजे सुमारे २७० अश्वशक्ती देत असेल आणि त्यातील ८० टक्केच पुढे पोहोचत असेल, तर ४० किलोवॅट तेलात उतरतात. पाणी तापवण्याचे दोन किलोवॅटचे वीस रॉड गिअरबॉक्सच्या तेलात एकाच वेळी बुडवल्यासारखे हे झाले. गाडी रुतलेली असून चालक अॅक्सिलरेटर दाबत राहिला, तर जवळजवळ सारीच शक्ती तेल तापवते. वेग आल्यावर ‘लॉकअप’ नावाचा आतला क्लच दोन्ही पात्यांना एकत्र जोडतो आणि ही गळती थांबते. म्हणजे महामार्गावर धावणारा ट्रक थंड राहतो. रानाच्या वाटेवर, कारखान्याच्या रांगेत पावलापावलाने सरकणारा किंवा परळीहून अंबाजोगाईकडे बालाघाटाची चढण चढणारा ट्रक तापतो.

अवजड वाहनांच्या अशा गिअरबॉक्समध्ये तळाच्या टाकीतील तेल साधारण ७० ते ९५ अंश सेल्सिअस असणे ही निरोगी अवस्था समजावी. १२० अंशांच्या आसपास धोक्याची रेषा येते. कन्व्हर्टरमधून बाहेर पडून कूलरकडे जाणारे तेल मात्र चढणीवर थोडा वेळ याहून बरेच गरम असू शकते. म्हणून काटा कोणत्या जागेचे तापमान दाखवतो हे माहितीपुस्तिकेतून आधी समजून घ्यावे. नेमक्या मर्यादाही त्या त्या बनावटीच्या पुस्तिकेतच पाहाव्यात. तंत्रज्ञांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे: नेहमीच्या मर्यादेच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. जळलेले तेल वंगण देत नाही, क्लचच्या चकत्या घसरतात, घसरल्याने आणखी उष्णता होते, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की थांबत नाही.

यात मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा वाटाही हिशेबात धरायला हवा. गिअरबॉक्सचे तेल बहुधा इंजिनाच्या पाण्याने थंड केले जाते आणि ते पाणी रेडिएटरमध्ये हवेने. पाणी ९० अंशांवर आणि पहाटेची हवा १५ अंशांवर असेल, तर ७५ अंशांचा फरक उष्णता बाहेर ओढतो. मे महिन्याच्या दुपारी हवाच ४३ अंशांवर गेली, की उरतो ४७ अंशांचा. तोच रेडिएटर, तोच पंखा. पण उष्णता टाकण्याची ताकद एक तृतीयांशाहून अधिक घटलेली. त्यात पाचटाचे तुकडे आणि काळ्या मातीची धूळ जाळीत बसली, की जानेवारीत निर्धोक चाललेली गाडी एप्रिलमध्ये ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून उभी राहते. गिअरबॉक्सला काहीही झालेले नसते. जाळी तुंबलेली असते. ती आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूकडून समोर, बेताच्या दाबाने धुवावी. समोरून जोराचा फवारा मारल्यास कचरा अधिक आत जातो आणि नाजूक पत्रे वाकतात.

निदानाची खरी सुरुवात दोन काट्यांच्या तुलनेने होते. इंजिनाचे पाणी आणि गिअरबॉक्सचे तेल दोन्ही तापत असतील, तर दोष शीतकरणात शोधावा: रेडिएटर, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट, पाण्याची पातळी. केवळ तेल तापत असेल, तर तेलाची पातळी, तेलाचा कूलर, न लागणारा लॉकअप किंवा घसरणारा क्लच यांच्याकडे वळावे. काटा चढलेला आहे पण ना वास, ना घसरण, अशा वेळी सेन्सर किंवा त्याच्या तारेवर संशय घ्यावा. याची शहानिशा इन्फ्रारेड थर्मामीटरने होते. करोनाच्या काळात कपाळासमोर धरले जाणारे यंत्र येथे चालत नाही, कारण ते शरीराच्या तापापुरतेच मोजते; कारखान्यात वापरतात ते हवे. चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. तेथे काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर नेम धरला, की आकडा भरवशाचा मिळतो.

रस्त्यातच काटा चढला तर आणखी एक सोपी चाचणी करता येते. गाडी सुरक्षित जागी थांबवून न्यूट्रल करावी, हातब्रेक लावावा आणि इंजिन बंद न करता मिनिटाला १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर चालू ठेवावे. शीतकरण ठीक असेल तर दोन-तीन मिनिटांत तापमान उतरू लागते. उतरले नाही तर दोष तेथेच आहे. घाबरून लगेच इंजिन बंद केले, तर पंप थांबतो आणि तापलेले तेल आहे तेथेच शिजत राहते.

आता तेलाविषयी, कारण सर्वाधिक चुका येथे होतात. इंजिनाचे ऑइल गाडी बंद करून पाहायचे, हे वर्षानुवर्षे हातात बसलेले. स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल मात्र बहुतेक अवजड वाहनांत इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, सपाट जागेवर पाहायचे असते. तापल्यावर ते फुगते, म्हणून डिपस्टिकवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. गरम तेल थंड खुणेशी ताडून पाहिले, तर जास्त भरल्याचा भास होतो आणि कोणी ते काढूनही टाकतो. कमी तेलाने क्लच घसरतो. जास्त तेल घुसळले जाऊन फेसाळते आणि तेही तापते. सर्वांत मोठा अनर्थ होतो तो साध्या गिअरबॉक्सचे ‘नव्वद नंबर’चे जाड ऑइल यात ओतल्याने. येथे तेल केवळ वंगण नसते. तेच शक्ती वाहते आणि तेच दाबाने क्लच लावते.

काढलेल्या तेलाचे चार थेंब पांढऱ्या कागदावर टाकले तरी पुष्कळ कळते. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे चकत्या जळल्या. दुधाळ किंवा गुलाबी फेसकट दिसले, तर कूलर आतून फुटून इंजिनाचे पाणी तेलात शिरले आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये. चाळणीवर बारीक राखाडी थर असणे नेहमीचे, पण चमकणारे कण बोटाला टोचले तर मात्र गिअरबॉक्स खोलण्याची वेळ आलेली असते.

ब्रेक दाबून पूर्ण अॅक्सिलरेटर देण्याची ‘स्टॉल’ चाचणी जाणत्या मेस्त्रीनेच करावी, तीही काही सेकंदांपुरती. इंजिनाच्या फेऱ्या ठरलेल्या आकड्याहून वर गेल्या तर आतला क्लच घसरतो आहे. बऱ्याच खाली राहिल्या तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टर बिघडला आहे.

दोन पेडलचा प्रत्येक ट्रक या जातीचा नसतो, हेही खरेदीपूर्वी पाहावे. ‘एएमटी’ म्हणतात त्या प्रकारात साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लचप्लेट असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम संगणकाच्या हुकमाने, ट्रकमध्ये बहुधा हवेच्या दाबावर होते. येथे तापते ती प्लेट. चढावर ब्रेक न लावता अॅक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरणे, ही सवय तिला काही मिनिटांत जाळते. गिअर पडत नसेल तर आधी हवेची गळती, बॅटरीचा दाब आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा तपासाव्यात. स्कॅनरवर आलेला कोड हे लक्षण असते, निदान नव्हे; कमी व्होल्टेजमुळे आलेला कोड पाहून महागडा भाग बदलला जाण्याचा धोका येथे मोठा आहे.

आणि बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरने टोचन करून गावात आणण्याच्या रिवाजाविषयी. कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना मागची चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली, तर आतील भाग कोरडे फिरतात आणि धडधाकट गिअरबॉक्सही गॅरेजच्या दारात पोहोचेपर्यंत निकामी होऊ शकतो. साखळी बांधण्यापूर्वी चाकांना ओट लावून प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढावेत आणि तो सोडवून बाजूला बांधावा. धक्का मारून अशी गाडी सुरू होत नाही.