नागपूरजवळच्या माळावरची ही दगडी रिंगणं म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की शहर मागे पडल्यावर थोड्याच वेळात जुनापाणी लागतं. इथल्या माळावर भटकताना मोठमोठे काळे दगड गोलात मांडलेले दिसतात. मधला भाग जरासा उंच. एक रिंगण ओलांडलं की पुढे दुसरं. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी शेतातले दगड वेचून इथे टाकले असावेत. खरं तर आपण एका स्मशानात उभे असतो.

ही रिंगणं कुणाची?

यांना शिळावर्तुळं म्हणतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात राहणारे लोक आपल्या माणसांचे अवशेष इथे पुरायचे. वर माती आणि दगडगोटे भरायचे, भोवती मोठ्या दगडांचं कडं करायचे. एकट्या जुनापाणी परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदवली गेली आहेत.

आत काय सापडलं?

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे खोदकाम केलं. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तीन वर्तुळं उकरली. या वर्तुळांमधून काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर आणि घोड्याचे लगाम मिळाले. जवळच्याच माहुरझरीला तर माणसांसोबत घोडेही पुरलेले आढळले, तेही तांब्याच्या दागिन्यांसह. म्हणजे घोडा या लोकांसाठी साधं जनावर नव्हता.

एवढं लोखंड आलं कुठून? त्याचं उत्तर नागपूर जिल्ह्यातल्याच नैकुंडला मिळालं. तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली.

दगड हलवला तर काय बिघडतं?

इथे लिहिलेलं काहीच नाही. या लोकांची घरंही फार थोड्या ठिकाणी सापडली आहेत. त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं, त्यातलं बरंचसं या थडग्यांमधूनच. कोणता दगड कुठे आहे, कोणती वस्तू हाडांच्या कोणत्या बाजूला आहे, हाच इथला पुरावा. काही दगडांवर ओळीने कोरलेले छोटे खळगे आहेत. ते दिशा दाखवतात का, याचा अभ्यास झाला आहे. पण दगड जागेवरून सरकला तर असा अभ्यासच करता येत नाही.

जुनापाणीची वर्तुळं केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांमध्ये येतात. अशा स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

जायचं असेल तर?

पावसाळ्यात गवत वाढतं आणि दगड झाकले जातात. हिवाळ्यात सकाळी गेलात तर तिरप्या उन्हात वर्तुळं स्पष्ट दिसतात. दगडांवर चढू नका, चुलीसाठी ते उचलू नका, खापराचा तुकडा दिसला तर खिशात टाकू नका. फोटो काढा आणि तो तुकडा होता तिथेच राहू द्या. कुणीतरी आपल्या माणसासाठी हे दगड इथवर ओढत आणले होते.