बार्कले कामावर राहण्यास पात्र होता काय?

कोणत्याही कचेरीत, कारखान्यात किंवा शाळेत असा एक तरी मनुष्य असतो, की ज्याचे काय करावे हे वरिष्ठांना सुचत नाही. तो लबाड नसतो; कामचुकार म्हणावे तर तसाही नसतो. पण तो उशिरा येतो, हाक मारली की दचकतो, चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि त्याच्या हातचे काम वेळेवर पुरे होईल अशी हमी कोणी देत नाही. अशा माणसावरचा आपल्याकडील सर्वमान्य उपाय म्हणजे बदली. गोपनीय अहवालात एखादा मोघम शेरा मारावयाचा आणि तो मनुष्य दुसऱ्या खात्याच्या गळ्यात बांधावयाचा. परंतु हाच मनुष्य अंतराळयानावर असला तर? तेथे शेजारी दुसरे खाते नसते, बाहेर जाण्यास दार नसते, आणि एकाची चूक सर्वांच्या जिवावर बेतते. तेव्हा तेथे प्रश्न आडपडदा न ठेवता विचारावा लागतो : हा मनुष्य कामावर राहण्यास पात्र आहे की नाही?

विज्ञानकथाकारांनी हा प्रश्न पुष्कळदा हाताळला आहे. त्यांतील ज्या उदाहरणाचा विचार आज करावयाचा आहे ते 'स्टार ट्रेक' या अमेरिकन चित्रमालिकेतील आहे. मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात प्रसारित झाली. आपल्याकडे दूरदर्शनवर ती पाहिलेले पुष्कळ लोक असतील. तिची पुढील पिढी १९८७ साली सुरू झाली आणि त्या मालिकेत ३० एप्रिल १९९० रोजी दाखविलेल्या एका भागात लेफ्टनंट रेजिनाल्ड बार्कले हे पात्र प्रथम आले. ड्वाइट शुल्ट्झ या नटाने ते वठविले. या मालिकेतील यानावर एरवी सर्व माणसे निवडक, तरबेज आणि आत्मविश्वासाने भरलेली असतात. त्यांच्यात हा एकटाच आपल्यासारखा दिसतो, आणि म्हणून तो सर्वांना खुपतो.

बार्कले हा 'एंटरप्राइझ' यानावरील अभियंता. मुख्य अभियंता ला फोर्ज आणि उपकप्तान रायकर यांच्यासमोर तो 'ततपप' करतो, उशिरा येतो, आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नावावर कोटी करून त्याला 'ब्रोकोली' हे भाजीचे नाव ठेवले आहे. ला फोर्ज आणि रायकर कप्तान पिकार्डकडे जाऊन त्याची बदली मागतात. पिकार्ड त्याचे जुने कागद पाहतो. पूर्वीच्या कप्तानाने त्याच्याविषयी चांगले म्हटलेले असते. तेव्हा तो बदली नाकारतो, आणि ला फोर्जला उलट असे सांगतो, की या माणसाला दूर लोटण्याऐवजी त्याच्याशी मैत्री करून पाहा. पुढे खुद्द पिकार्डच्याच तोंडून बार्कलेसमोर ते भाजीचे नाव निसटते. कप्तान ओशाळतो, आणि डेटा नावाचा यंत्रमानव गंभीरपणे खुलासा करतो, की हा केवळ वर्णविपर्यय आहे आणि उच्चारात अशी चूक नेहमीच होते. आपल्या व्याकरणकारांनाही हा खुलासा मान्य झाला असता; बार्कलेच्या मनाला मात्र त्याने काय दिलासा मिळणार!

बार्कलेचा खरा दोष वेगळाच आहे. यानावर 'होलोडेक' नावाची एक खोली असते. तीत संगणक हवे ते स्थळ आणि हवी ती माणसे हुबेहूब उभी करतो. मनोराज्य करण्यासाठी आपल्याला डोळे मिटावे लागतात. बार्कलेने त्या खोलीचे दार लावले की पुरे. आत त्याने आपल्याच वरिष्ठांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. रायकर तेथे बुटका आणि हास्यास्पद होतो, ला फोर्जला तो धक्के मारतो, आणि समुपदेशिका ट्रॉय ही त्याच्यावर अनुकंपेचा वर्षाव करणारी देवी बनते. रायकर हे पाहून संतापतो आणि अशा प्रकाराविरुद्ध काही नियम असलाच पाहिजे असे म्हणतो. ट्रॉयला प्रथम यात फारसे वावगे वाटत नाही. स्वतःची प्रतिकृती पाहिल्यावर मात्र तिचाही संयम सुटतो. दुसऱ्याच्या थट्टेत आपल्याला दिसणारा निरुपद्रवीपणा आपल्यावर वेळ आली की कसा नाहीसा होतो, हे लेखकाने येथे चांगले टिपले आहे.

आता पात्रतेचा हिशेब मांडू. बुजरेपणा हा स्वभाव आहे. तो सेवानियमांचा भंग नव्हे. टोपणनाव हा तर इतरांचा अपराध आहे, आणि तो बार्कलेच्या खाती मांडता येणार नाही. यानावरील उपाहारगृह चालविणारी गाइनन ही ला फोर्जला नेमके हेच सुचविते : आपण कोणालाच नकोसे आहोत असे ज्याला वाटते, तो घाबरणार आणि उशिरा येणार, यात नवल कसले? परंतु एवढ्याने बार्कले निर्दोष ठरत नाही. कामाच्या वेळी तो त्या खोलीत असतो. ला फोर्जने समजुतीने त्याला ट्रॉयकडे पाठविल्यावर तो तेथूनही पळतो आणि पुन्हा त्याच खोलीत जाऊन दडतो. यानावर एकामागून एक यंत्र बिघडत असताना त्याला तेथून शोधून आणावे लागते. येथे त्याचा पक्ष लंगडा पडतो, हे कबूल केले पाहिजे.

यानावरचा बिघाड चमत्कारिक असतो. वजन उचलण्याचे साधन बंद पडते, एका पेल्याच्या काचेची घडणच बदलते, माणसांची ने-आण करणारे यंत्र भलतेच वागू लागते, आणि अखेर इंजिनाचा वेग आवरेनासा होऊन यान फुटण्याची वेळ येते. बिघडलेल्या यंत्रांत परस्परसंबंध कोणालाच दिसत नाही, कारण सर्वजण यंत्रापासून यंत्राकडे जाणारी वाट शोधीत असतात. बार्कले सुचवितो, की दुवा यंत्रांत नसून माणसांत असेल. आपल्यापैकीच कोणी तरी काही पदार्थ अंगावर घेऊन हिंडत असेल. ते खरे ठरते. साथीच्या रोगासाठी नेण्यात येणाऱ्या नमुन्यांचे एक पात्र फुटलेले असते, त्यातील इन्व्हिडियम नावाचा पदार्थ कामगारांच्या हातांना लागतो, आणि ते जेथे जेथे हात लावतील तेथे तेथे तो पसरतो. शून्याखाली दोनशे अंशांपर्यंत थंड केल्यावर तो निष्क्रिय होतो आणि यान वाचते.

कथा म्हणून हे समाधानकारक आहे. पुरावा म्हणून मात्र अपुरे. ज्याच्या पात्रतेची शंका आहे त्याच्याच हातून अखेरच्या घटकेला सर्वांचे प्राण वाचवावयाचे, ही लेखकांची जुनी सोय आहे. खऱ्या कचेरीतील बार्कलेच्या मदतीला असा प्रसंग धावून येत नाही. शिवाय यातून नकळत असा अर्थ निघतो, की बुजऱ्या माणसाने आपले स्थान टिकविण्यासाठी इतरांहून अधिक काही करून दाखविले पाहिजे. माझ्या मते या भागातील महत्त्वाची घटना त्या शोधाच्या आधीची आहे. ला फोर्ज त्याला विचारविनिमयाच्या बैठकीत बसवितो आणि त्याचे म्हणणे मागतो. जो बोलत नाही असे सर्व म्हणत होते, त्याला तोपर्यंत बोलण्याची जागाच कोणी दिली नव्हती. पात्रता ही पुष्कळदा एकट्या माणसाची नसते. त्याच्याकडून काम घेणाऱ्याचीही ती असते.

बार्कलेची खरी परीक्षा पाहावयाची असेल तर सप्टेंबर १९९२ मधील दुसरा भाग घ्यावा. त्या काळातील माणसे ट्रान्सपोर्टर नावाच्या यंत्राने प्रवास करतात. ते माणसाचे शरीर कणाकणाने सुटे करून दुसऱ्या ठिकाणी जसेच्या तसे जुळविते. बार्कलेला या प्रवासाची विलक्षण धास्ती वाटते. मला विचाराल तर त्या यानावर धास्ती न बाळगणाऱ्यांचीच तपासणी व्हावयास हवी होती! अशाच एका प्रवासात त्याला त्या प्रकाशझोतात जिवंत आकृती दिसतात. आपल्याला वेड लागते आहे काय, अशी शंका त्याला येते आणि तो ती लपवू पाहतो. त्याची मनःस्थिती ओळखून ट्रॉय त्याला काही काळापुरते कामावरून दूर करते. हा निर्णय योग्यच होता. त्यात अवमान नव्हता. पण त्यानंतर बार्कले गप्प बसत नाही. मध्यरात्री वरिष्ठांना उठवून, हसे होण्याचा धोका पत्करून, आपण काय पाहिले ते तो सांगतो. आणि वरिष्ठ त्याला हसत नाहीत. ते यंत्र तपासावयास घेतात. त्या आकृती म्हणजे दुसऱ्या एका यानावरील, प्रवासातच अडकून पडलेली माणसे असतात, आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी बार्कले त्याच यंत्रात पुन्हा उभा राहतो.

याच्या उलट चित्र मूळ मालिकेत ऑक्टोबर १९६७ मध्ये दाखविलेल्या एका भागात आहे. नॉर्मन स्पिनराड या कथालेखकाने तो लिहिला. ग्रहच्या ग्रह गिळणाऱ्या एका प्रचंड यंत्राने कमोडोर डेकर याचे यान निकामी केले आहे. आपल्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने त्यांना जवळच्या ग्रहावर उतरविले, आणि नेमका तोच ग्रह त्या यंत्राने गिळला. डेकर एकटा उरला. 'एंटरप्राइझ'वर येताच तो हुद्द्याच्या अधिकाराने तिचा ताबा घेतो आणि त्या यंत्रावर निष्फळ हल्ला चढवितो. तो अडखळत नाही, उशीर करीत नाही. त्याचे हुकूम खणखणीत आहेत. डॉक्टर मॅककॉय याला दिसते, की हा मनुष्य दुःखाने भ्रमिष्ट झाला आहे. पण त्याने डेकरची रीतसर तपासणी केलेली नसते, आणि नोंदीवाचून दिलेला दाखला नियमात बसत नाही. स्पॉक नियमाचा पक्का, तो थांबतो. पुढे हल्ला चालू ठेवणे म्हणजे आत्महत्या आहे आणि आत्महत्येचा प्रयत्न हाच अपात्रतेचा पुरावा ठरेल, असे तो बजावतो तेव्हाच डेकर यान मागे वळवितो. अखेर कप्तान कर्कच्या आज्ञेने त्याच्या हातून ताबा जातो.

ही दोन माणसे शेजारी उभी केली म्हणजे आपण पात्रता कोठे शोधतो आणि ती कोठे असते, यांतील अंतर कळते. डेकरकडे पाहून कोणीही त्याला सेनापती म्हणेल. बार्कलेकडे पाहून कोणी त्याच्या हाती साधा पाना देणार नाही. परंतु बार्कलेला आपला दोष ठाऊक आहे आणि ओढूनताणून का होईना तो सांगतो. त्याला थांबविता येते. डेकरला थांबविता येत नाही, कारण आपल्याला काही झाले आहे हेच त्याला मान्य नाही.

खऱ्या अंतराळप्रवासात हा निवाडा बहुधा डॉक्टरांच्या हाती असतो. अमेरिकेच्या १९५९ मधील पहिल्या सात अंतराळवीरांपैकी डीक स्लेटन याला १९६२ साली हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे उड्डाणातून वगळण्यात आले. तो संस्थेतच राहिला, इतरांच्या नेमणुका ठरवू लागला, आणि १९७५ साली अपोलो–सोयुझ मोहिमेत एक्कावन्नाव्या वर्षी स्वतः अंतराळात गेला. ॲलन शेपर्ड अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन; कानाच्या विकाराने त्याचा तोल जाऊ लागला आणि त्याची उड्डाणे बंद झाली. शस्त्रक्रियेनंतर तो १९७१ साली चंद्रावर उतरला. केन मॅटिंग्ली याची हकीकत आणखी बोलकी आहे. जर्मन गोवरांच्या रोग्याशी संबंध आल्यामुळे त्याला १९७० साली अपोलो १३ मधून आयत्या वेळी काढले. त्याला गोवर आले नाहीत. यान संकटात सापडल्यावर मात्र ते परत आणण्याच्या कामी जमिनीवरून त्याने मोलाची मदत केली, आणि दोन वर्षांनी तो अपोलो १६ मधून चंद्राकडे गेला. या तिघांच्या बाबतीत 'आज उड्डाण नको' याचा अर्थ 'तू नकोस' असा कोणी केला नाही. शरीराच्या दोषाविषयी एवढा विवेक दाखविणे सोपे जाते. मनाच्या दोषाविषयी आपण त्याच ठिकाणी बदलीचा कागद पुढे करतो.

आणि मनाचा दोष एकदा बरा झाला की संपला, असेही नसते. डिसेंबर १९९९ मध्ये 'व्हॉयेजर' या मालिकेत बार्कले पुन्हा भेटतो. आता तो पृथ्वीवर आहे. सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकल्या गेलेल्या यानाशी संपर्क साधण्याच्या प्रकल्पावर त्याची नेमणूक आहे, आणि त्या यानावरील माणसांच्या प्रतिकृती उभ्या करून तो त्यांच्याशी पत्ते खेळत बसतो. त्याचा वरिष्ठ हार्किन्स हे पाहून त्याला प्रकल्पावरून दूर करतो. बार्कले रात्री प्रयोगशाळेत घुसतो, पहारेकऱ्यांना चकवितो आणि आपल्या पद्धतीने संदेश पाठवितो. यानाकडून उत्तर येते.

आज्ञाभंग यशाने धुतला जात नाही, असे मला वाटते. हार्किन्सने त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर घेतलेला निर्णय चुकीचा नव्हता. तथापि त्याची कल्पना खरी आहे की खोटी, एवढे तपासून पाहण्यास हार्किन्सला कोणी अडविले नव्हते. कल्पना आणि ती मांडणारा विक्षिप्त मनुष्य या दोन वस्तू त्याला वेगळ्या करता आल्या नाहीत, आणि त्या प्रसंगी बार्कलेलाही त्या करता आल्या नाहीत. पुढील भागांत बार्कले त्याच प्रकल्पावर, त्याच हार्किन्सच्या हाताखाली काम करताना दिसतो.