बफिंग : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवापूर परिसरातल्या आदिवासी घरांत चांदीची कडी, वाळे, साखळ्या आईकडून लेकीकडे येतात. लग्नसराईआधी हे दागिने उजळून घ्यायचे असतात, आणि बफ, म्हणजे मशीनवर फिरणारं कापडी चाक, ते काम झटपट करतं. पण बफबद्दलच्या चुकीच्या समजुतींनी दागिना झिजतो, कधी हातही जायबंदी होतो.

गैरसमज : नवा बफ लावला की लगेच काम सुरू.
वस्तुस्थिती : कापडी बफच्या कडेला सुटे धागे असतात. मशीन चालू करून मूठ असलेली दातेरी पट्टी कडेला हलकेच टेकवावी. कापसाचा भुगा उडतो, लांब धागे तुटतात, कड एकसारखी होते. पॉलिशचा साबण लावायचा तो त्यानंतर. वापरून कड काळी, कडक झाली की पट्टी पुन्हा फिरवावी.

गैरसमज : साबण जास्त, तर चमक जास्त.
वस्तुस्थिती : घासतात ते साबणातले बारीक कण. जादा साबण कडेवर थापला जातो आणि दागिन्यावर काळे पट्टे उमटतात. क्षणभर टेकवावा, लागेल तसा पुन्हा लावावा.

गैरसमज : एकच बफ सगळ्याला चालतो.
वस्तुस्थिती : साबणही वेगवेगळे असतात. तपकिरी ट्रिपोली बारीक ओरखडे काढते, लाल रूज, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिबारीक पूड, चांदी-सोन्याला शेवटची झळाळी देते. स्टीलसाठी क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा साबण असतो. ट्रिपोलीच्या बफवर रूज लावला, तर आधीचे जाड कण नवे ओरखडे पाडतात. प्रत्येक साबणाचा बफ वेगळा ठेवावा आणि मधल्या टप्प्यात दागिना धुवावा.

गैरसमज : दाबून धरलं की खोल ओरखडाही जातो.
वस्तुस्थिती : खोल ओरखडा आधी पॉलिश पेपरने, 400 आणि मग 600 नंबरने काढायचा. बफवर दाबल्याने धातू तापतो, नक्षी पुसट होते, मुलामा असेल तर उडतो.

गैरसमज : हातमोजे घातले की धोका टळला.
वस्तुस्थिती : मिनिटाला 2800 फेरे घेणाऱ्या 8 इंची बफची कड ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. मोज्याचं कापड अडकलं तर हात आत ओढला जातो. दागिना बफच्या मध्याच्या खाली धरावा, म्हणजे सुटला तरी तोंडावर येत नाही. साखळी किंवा पैंजण लोंबतं कधीच धरू नये. लाकडी फळीवर घट्ट ताणून बसवावं. चष्मा आणि मास्क लावावा, केस बांधावेत, ओढणी-उपरणं दूर ठेवावं.

झिजलेली नक्षी कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. म्हणून दागिना उजळायला देताना घाई करू नका. कारागिराला पुरेसा वेळ द्या.